सागरगोटा आणि घरातला ताप

पावसाळ्याला तोंड लागले की दवाखान्यात तापाचे पेशंट वाढू लागतात. यांतले निम्मे तरी लोक घरगुती उपचार करून, दोन-तीन दिवस वाट पाहून मगच येतात. कोणी काढा घेतलेला असतो, कोणी गुळवेल. खेड्यांतून येणाऱ्या जुन्या मंडळींकडून हमखास ऐकू येणारे नाव म्हणजे गजगा, अर्थात सागरगोटा. "गजगा भाजून मिरीसंगं दिला, ताप उतरला होता, पुन्हा आला," असे आजीबाई सांगतात. काही वाचकांनीही विचारले आहे, की सागरगोट्याने हिवताप जातो हे खरे आहे का? बाळगुटीत तो असतो, तो द्यावा का? आणि हल्ली मोबाईलवर पाळीच्या तक्रारींसाठी त्याचे चूर्ण सांगतात, ते घ्यावे का? या सर्व प्रश्नांचा विचार आजच्या लेखात एकत्र करू.

ओळख एका काटेरी झुडपाची

सागरगोटा ही शेंगा येणाऱ्या कुळातली वनस्पती आहे. लातूरच्या बाजारात ज्या तुरीचे आणि हरभऱ्याचे ढीग लागतात, त्या तूर-हरभऱ्याच्याच कुळातली. अंगणातला शंकासुर आणि रस्त्याकडेचा गुलमोहर हे तिचे आणखी जवळचे नातेवाईक. परंतु गुलमोहराचा देखणेपणा हिच्यात नाही. हे झुडूप अस्ताव्यस्त वाढते, शेजारच्या झाडावर चढते. खोडाला तर काटे असतातच, पण पानांच्या दांड्यांनाही आकड्यासारखे वाकडे काटे असतात. कपडा एकदा अडकला की फाटल्याशिवाय सुटत नाही. फुले पिवळी. शेंग चपटी, आखूड आणि वरून सगळी काटेरी. तिच्यात बहुधा एक किंवा दोन बिया असतात. राखाडी रंगाच्या, गुळगुळीत, चकचकीत आणि दगडासारख्या टणक. हेच आपले सागरगोटे.

जनावरांना अडवायला याच्यासारखे कुंपण नाही, म्हणून शेताच्या कडेला ते लावण्याची पद्धत आहे. घरोघरी मात्र सागरगोटा पोहोचला तो दोन वाटांनी. एक मुलींच्या खेळातून आणि दुसरी काष्ठौषधींच्या दुकानातून. पाच बिया घ्यायच्या, एक वर उडवायची, ती खाली येईपर्यंत बाकीच्या उचलायच्या आणि वरची झेलायची, हा खेळ आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणत्याही बाईने लहानपणी खेळलेला असतो. डोळा आणि हात यांचा मेळ बसविणारा असा स्वस्त व्यायाम दुसरा नाही.

नावाप्रमाणेच सागराचा

हे झुडूप मुळात उष्ण प्रदेशांतल्या समुद्रकिनाऱ्यांचे आहे. आपल्या कोकणपट्टीपासून आफ्रिका, वेस्ट इंडीजपर्यंत ते आढळते. याचे कारण त्याच्या बीमध्ये आहे. बीचे कवच पाणी आत शिरू देत नाही आणि बी पाण्यावर तरंगते. किनाऱ्यावर पडलेली बी भरतीबरोबर समुद्रात जाते, महिनोन् महिने वाहत राहते आणि दूरच्या कुठल्या तरी किनाऱ्याला लागून तिथे रुजते. काही बिया तर वाहत वाहत स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या थंड किनाऱ्यांपर्यंत जातात. तिथे त्या रुजत नाहीत, पण लोकांना सापडतात.

मार्टिन मार्टिन नावाच्या गृहस्थाने स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर लिहिलेले एक पुस्तक १७०३ साली प्रसिद्ध झाले. तिथले लोक समुद्राने आणून टाकलेल्या अशा बिया मुलांच्या गळ्यात बांधतात, त्याने नजर लागत नाही असे मानतात, अशी नोंद त्याने केली आहे. आपल्याकडच्या काळ्या दोऱ्याचीच ही गोष्ट. समुद्राच्या पार, ज्यांनी हे झाड कधी पाहिलेही नव्हते, त्या आयांनाही लेकराच्या काळजीपोटी या बीचा आधार वाटला. अशा श्रद्धेने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते त्या श्रद्धेपायी उपचाराला उशीर केला तर.

शास्त्रीय नावाचाही एक गमतीचा भाग आहे. या वनस्पतीच्या नावात 'बॉन्डक' असा शब्द आहे. अरबी भाषेत 'बुंदुक' म्हणजे एक प्रकारचे गोल टणक फळ आणि त्यावरून गोळीदेखील. आपला 'बंदूक' हा शब्दही त्याच घरातला आहे.

औषधात त्याचे स्थान काय?

आयुर्वेदात सागरगोट्याला लताकरंज, कुबेराक्ष अशी नावे आहेत. ताप, विशेषतः थांबून थांबून येणारा विषमज्वर, पोटातला शूल, जंत, सूज आणि अंडवृद्धी यांवर तो सांगितलेला आहे. वापरतात तो बीच्या आतला पांढरट गर. चवीला तो अतिशय कडू असतो.

केवळ आपल्या वैद्यांनीच नव्हे, तर इंग्रज डॉक्टरांनीही त्याची दखल घेतली होती. १८६८ साली हिंदुस्थानसाठी जो अधिकृत औषधिकोश तयार झाला, त्यात सागरगोट्याचा गर आणि काळी मिरी यांच्या चूर्णाचा समावेश होता. थंडीतापावरचे औषध म्हणून ते दिले जाई. त्या काळी हिवतापावर खरे गुणकारी औषध एकच होते, ते म्हणजे क्विनाईन. १८२० साली फ्रान्समध्ये सिंकोना झाडाच्या सालीतून ते वेगळे काढण्यात आले होते. परंतु सिंकोना दक्षिण अमेरिकेतला, औषध महाग, खेड्यापर्यंत पोहोचणे कठीण. अशा वेळी कुंपणावर फुकट मिळणारी कडू बी जर तापावर चालली, तर कोणाला नको होती? म्हणून तिला गरिबाचे क्विनाईन म्हणू लागले. आपल्या आजीबाईंची गजगा आणि मिरीची पुडी त्या जुन्या औषधिकोशातल्या चूर्णाशी तंतोतंत जुळते, हे पाहून नवल वाटते.

हा धागा अलीकडच्या काळापर्यंत येतो. केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेने १९८० च्या सुमारास हिवतापासाठी 'आयुष-६४' नावाचे औषध तयार केले. त्यात सातवीण, कुटकी आणि किराईत यांच्या जोडीला चौथा घटक सागरगोटा हाच आहे. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सौम्य रुग्णांसाठी हे औषध पुन्हा पुढे आले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्या गोळ्या घेतल्या असतील. आपण सागरगोटा खात आहोत याची मात्र बहुतेकांना कल्पना नसेल.

कडू म्हणजे क्विनाईन नव्हे

आता मुख्य प्रश्न. याने हिवताप जातो का?

प्रयोगशाळेत याच्या बाजूने काही पुरावा आहे. सागरगोट्याच्या जवळच्या जातीच्या बियांमधून वेगळ्या काढलेल्या काही द्रव्यांनी काचेच्या नळीत हिवतापाच्या जंतूंची वाढ रोखली, असे जपानमधील संशोधकांनी दाखविले आहे. म्हणजे आपले पूर्वज काही अगदीच हवेत बोलत नव्हते. परंतु काचेच्या नळीतला जंतू आणि माणसाच्या रक्तातला जंतू यांत फार अंतर आहे. नळीत शुद्ध द्रव्य थेट जंतूवर पडते. माणसाने चूर्ण खाल्ले तर त्यातले किती द्रव्य आतड्यातून रक्तात जाईल, किती यकृतात नष्ट होईल आणि किती जंतूपर्यंत पोहोचेल, याचा हिशेब वेगळा असतो.

म्हणून माणसांवरची परीक्षा महत्त्वाची. आयुष-६४ ची अशी परीक्षा दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील डॉक्टरांनी घेतली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाच्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एकाला क्लोरोक्विन, दुसऱ्याला आयुष-६४. अठ्ठावीस दिवसांच्या अखेरीस क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे झाले होते. आयुष-६४ घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे निम्मे होते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. निम्म्यांना गुण आला, म्हणजे औषध अगदी निरुपयोगी नाही. परंतु दोनातला एक पेशंट जंतूसह राहिला. हिवतापासारख्या आजारात, हाताशी शंभर टक्के गुण देणारे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारे औषध असताना, आपले लेकरू त्या उरलेल्या निम्म्यांत टाकायला कोण तयार होईल? शिवाय ही परीक्षा चार वनस्पतींच्या, कारखान्यात मोजून केलेल्या गोळीची होती. घरी पाट्यावर वाटलेल्या एकट्या गजग्याची नव्हे.

चवीवरूनही फसू नये. क्विनाईन कडू आणि सागरगोटाही कडू, एवढ्यावरून दोन्ही सारखे ठरत नाहीत. त्यांतली कडू द्रव्ये रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी वेगवेगळ्या जातीची आहेत. कारलेही कडूच असते.

मग गुण येतो तो कसा?

"पण डॉक्टर, आमच्याकडे गुण आलेला आहे," असे लोक म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिले ते खरेच असते. त्याचे कारण मात्र वेगळे असते, आणि आजच्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

व्हायव्हॅक्स हिवतापाचा जंतू रक्तातल्या लाल पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि सुमारे अठ्ठेचाळीस तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते, मग सणसणून ताप चढतो, मग घाम फुटून ताप उतरतो. मधल्या काळात पेशंट हिंडू-फिरू लागतो. म्हणून आपल्याकडे याला एकाआड एक दिवस येणारा ताप म्हणतात. आता समजा, काल ताप आला आणि रात्री गजगा दिला. आज ताप नाही. श्रेय कोणाला? गजग्याला. वास्तविक गजगा दिला नसता तरी आज ताप आला नसता.

साध्या विषाणूजन्य तापातही असेच होते. तो तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो. तिसऱ्या दिवशी जे औषध दिले असेल, ते औषध रामबाण ठरते.

सर्वांत मोठा धोका आहे तो डेंग्यूमध्ये. बाकीच्या तापांत ताप उतरला की माणूस सुधारू लागतो. डेंग्यूत मात्र ताप उतरतो तेव्हाच काही रुग्णांचा खरा धोका सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपू लागते, रक्तदाब पडतो, प्लेटलेट कमी होतात. घरच्यांना वाटते औषध लागू पडले.

माझ्याकडे असाच नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आणला होता. तीन दिवस ताप, तिन्ही दिवस घरी गजगा आणि मिरी. चौथ्या दिवशी अंग थंड लागू लागले तेव्हा घरात सर्वांना हायसे वाटले, देवाला नारळही फोडला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि पोर मान टाकू लागले, तेव्हा धावपळ झाली. हातपाय गार, नाडी मंद, लघवी सकाळपासून नाही. सलाईन लावून तसेच नांदेडला मोठ्या रुग्णालयात पाठविले. तिथे डेंग्यूचे निदान झाले. वेळेवर उपचार मिळाले, मुलगा वाचला. गजग्याने त्याला विषबाधा झाली नव्हती. गजग्याने फक्त घरच्यांना तीन दिवस निर्धास्त केले होते. अपाय म्हणतात तो हाच.

ताप आला तर काय करावे?

१. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत थंडी वाजून येणारा कोणताही ताप हा हिवताप समजून रक्त तपासावे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंनाही विचारावे. बोटाच्या टोकाच्या एका थेंबात काम होते.

ज्या शोधामुळे हिवतापाचे कोडे सुटले तो शोध आपल्यापासून फार दूर लागलेला नाही. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिला तो सिकंदराबादेत. नांदेडहून रेल्वेत बसले की थेट तिथे उतरता येते. एवढ्या जवळ लागलेल्या शोधाचा फायदा आपणच घेऊ नये, हे बरे नाही.

२. हिवताप निघाला तर गोळ्या पुऱ्या कराव्यात. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावी लागते. ती गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या मुलांना देत नाहीत, तसेच काही लोकांच्या रक्ताला ती सोसत नाही, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावी. फॅल्सिपॅरम हा हिवताप मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याचे औषध वेगळे असते. कोणता जंतू आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

३. डेंग्यूच्या दिवसांत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावी, मुलांना वजनाच्या प्रमाणात. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुप्रोफेन किंवा दुकानदाराने दिलेली अंगदुखीची गोळी घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. पाणी, ताक, पेज, साखर-मिठाचे पाणी भरपूर द्यावे.

४. सतत उलट्या, पोटात जोराचे दुखणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, ग्लानी, झटके किंवा श्वास जलद होणे, यांपैकी काहीही दिसले तर ताप असो वा नसो, त्याच तासाला मोठा दवाखाना गाठावा.

५. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. आपल्या भागात पाणी साठविणे ही हौस नसून गरज आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. तेव्हा पाणी साठवू नका असे मी म्हणणार नाही. पण ड्रम, रांजण, टाकी घट्ट झाकावी आणि आठवड्यातून एक दिवस रिकामी करून, आतून घासून कोरडी करावी.

अंडवृद्धी आणि सागरगोट्याचा लेप

सागरगोट्याचा गर एरंडेलात वाटून अंडवृद्धीवर लेप करण्याची पद्धत जुनी आहे. लाजेमुळे पुरुष मंडळी डॉक्टरांकडे येत नाहीत आणि वर्षानुवर्षे लेप लावीत राहतात. हायड्रोसील म्हणजे अंडाभोवतीच्या पिशवीत पाणी साठणे. ते लेपाने आटत नाही. त्याचा इलाज साध्या शस्त्रक्रियेचा आहे आणि ती सरकारी रुग्णालयात होते.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या यादीत आलेले आहेत, म्हणून आपल्याकडे या दुखण्याला वेगळे महत्त्व आहे. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्री फिरतात, म्हणून रक्त रात्री तपासतात. आरोग्य कर्मचारी घरी येऊन डीईसीच्या गोळ्या देतात, तेव्हा त्या त्यांच्यासमोर घ्याव्यात. पुडीत बांधून कोनाड्यात ठेवू नयेत.

दोन प्रसंगी मात्र लेप लावण्यात वेळ घालविणे महागात पडते. एक, जांघेतला हर्निया अडकून तो आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या तर. दुसरा, वयात येणाऱ्या मुलाच्या अंडात एकाएकी असह्य कळा सुरू झाल्या तर. अशा वेळी अंडाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचते. मुलगा लाजून सांगत नाही, पोटात दुखते म्हणतो. आई-वडिलांनी स्पष्ट विचारावे.

बाळगुटी

हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, मायफळ, जायफळ, ज्येष्ठमध यांच्या बरोबरीने सागरगोटाही गुटीच्या डब्यात असतो. सहाणेवर प्रत्येकाचे ठरावीक वेढे उगाळून आईच्या दुधातून गुटी देतात. आजीचा जीव नातवंडावर असतो, तिच्या हेतूविषयी शंका नाही. पण बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, हा आजचा सर्वमान्य नियम आहे. सहाण, ओलसर राहिलेली मुळे, हात आणि बोंडले यांतून जंतू बाळाच्या पोटात जातात आणि जुलाब लागतात. वेढ्यांचे माप हाताच्या जोरावर अवलंबून. जायफळ जास्त उगाळले गेले तर बाळ गुंगीत जाते आणि घरचे म्हणतात, छान झोपले. गुटी मधातून देण्याची चालही सोडावी. एक वर्षापर्यंत मध देऊ नये.

आजीला दुखवायचे नसेल तर एक करता येईल. बाळाला तेल-मालीश, अंघोळ, शेक आणि अंगाई हे सगळे तिच्याकडे सोपवा. गुटीचा डबा मात्र बंद ठेवा. सहा महिन्यांनंतर काही द्यायचेच असेल तर शिकलेल्या वैद्यांना किंवा बालरोगतज्ज्ञांना विचारून द्यावे.

पाळीच्या तक्रारी आणि साखर

अंडाशयात गाठी, पाळी लांबणे, वजन वाढणे अशा तक्रारींसाठी सागरगोट्याचे चूर्ण घेण्याचा सल्ला हल्ली मोबाईलवर फिरतो. या तक्रारींत पहिला उपचार म्हणजे नियमित चालणे, आहार सुधारणे आणि वजन थोडे तरी उतरविणे. पाळी लांबण्याची कारणे थायरॉईडपासून गर्भधारणेपर्यंत अनेक असतात, त्यांची तपासणी आधी व्हावी. ज्यांना दिवस जाण्याची आशा आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी हे चूर्ण आपल्या मनाने मुळीच घेऊ नये.

मधुमेहाचेही तसेच. उंदरांवरच्या प्रयोगांत सागरगोट्याच्या अर्काने साखर उतरलेली दिसली आहे. परंतु जो पेशंट आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन घेतो, त्याने वर हे चूर्ण घेतले आणि साखर एकदम खाली गेली, तर चक्कर येऊन पडण्याची वेळ येते. चूर्ण घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. मी रागावणार नाही, बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत. आम्हाला माहीत असणे तुमच्या हिताचे असते.

मुले, बिया आणि काटे

सागरगोटे हा मोठ्या मुलामुलींचा खेळ आहे. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती ते देऊ नयेत. गोल, गुळगुळीत आणि टणक वस्तू श्वासनलिकेत अडकली तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. मूल खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, चेहरा निळा पडू लागला, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. मोठ्या मुलाला थापांनंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने झटके द्यावेत. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. हे करीत असतानाच दवाखान्याकडे निघावे.

कुंपणावरच्या सगळ्याच बिया सागरगोटे नसतात. गुंजेचे लाल-काळे सुंदर मणी, एरंडाच्या बिया आणि मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून मुले मुठीने खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. असे झाल्यास घरी मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढू नयेत. खाल्लेली बी कागदात बांधून बरोबर घ्यावी आणि मुलाला तडक दवाखान्यात आणावे.

सागरगोट्याच्या काट्याने ओरखडा आला तर जखम साबणपाण्याने धुवावी. आत मोडलेला काटा सुईने कोरत बसू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा झाले ते आठवत नसेल तर घ्यावे.

शेवटी थोडक्यात

सागरगोट्यावर माझा राग नाही. वैद्यांनी तपासून, नेमक्या कारणासाठी, नेमक्या मात्रेत तो दिला तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. त्यात दम आहे म्हणूनच आज संशोधक त्याच्या मागे आहेत. माझी हरकत आहे ती रक्त तपासायच्या आधी तो देऊन वाट पाहत बसण्याला. ताप हा आजार नसून आजाराची खूण आहे. खूण पुसली म्हणजे आजार गेला असे होत नाही.

घरात गजग्याची डबी असेल तर ती नातीच्या हाती द्या आणि तिला पाच बिया झेलायला शिकवा. ताप आला तर मात्र आधी रक्त तपासा, मग औषध.